पाठ झालेलं रॅपर

भिंगबाई कामावरून घरी आली की आधी दात घासते. पर्स अजून खांद्यावर, एक चप्पल पायात, एक निघालेली, आणि तोंडात ब्रश. दाराच्या आत, जिथे इतरांच्या घरी आरसा नाहीतर छत्र्यांचा स्टँड असतो, तिथे या घरात एक बेसिन बसवून घेतलं आहे आणि त्याच्या फळीवर पाच पेल्यांत पाच ब्रश उभे आहेत. बाहेरून येणाऱ्याने दात घासायचे, चुळा भरायच्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे आणि मगच आत यायचं. पाहुण्यांसाठी नवे ब्रश डझनाने आणून ठेवलेत. साहजिकच पाहुणे फारसे येत नाहीत, आणि जे येतात ते दुसऱ्यांदा येत नाहीत. भिंगबाईला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

भिंगबाई हे नाव तिला छापखान्यातल्या मशीनवाल्यांनी दिलं. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, नाकावर चष्मा आणि समोर कायम कुठलंतरी रॅपर. बिस्किटांचं, साबणाचं, खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचं. छपाई सुरू होण्याआधी त्यावरचं अक्षर न् अक्षर तपासायचं हे तिचं काम, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. एकदा औषधाचं खोकं मशीनवर चढून चार हजार प्रती निघाल्या असताना तिने धावत जाऊन मशीन बंद करायला लावलं, कारण मापातलं एक टिंब गळलं होतं आणि अर्ध्या चमच्याचे पाच चमचे झाले होते. मालक आधी तिच्यावर ओरडला, मग त्याने खोकं स्वतः वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिला नवी खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीत ती बसते कमी आणि तिच्याभोवती फिरते जास्त.

वाचायचं काम तिथे दोघांनी मिळून करायचं असतं. एकाने एक प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. तिच्यासमोर मास्तर बसतात. ते पूर्वी शाळेत होते, म्हणून मास्तर. मास्तर स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचतात, त्यामुळे नवा माणूस दाराशी उभा राहिला तर त्याला वाटतं की आत कुणाला तरी भ्रम झाला आहे. छापखान्याचा आणखी एक नियम आहे. तेच रॅपर लागोपाठ तीनदा एकाकडे आलं की चौथ्या वेळी ते दुसऱ्या टेबलावर जातं. कारण एकदा मजकूर पाठ झाला की डोळे नुसते कागदावर ठेवलेले असतात आणि वाचत असतं तोंड. हा नियम भिंगबाई कसोशीने पाळते, नव्या मुलींना बजावून सांगते, आणि कुणी मोडला तर तिचा आवाज मशीनच्या वर चढतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तिची धाकटी मुलगी.

धाकटी सात वर्षांची आहे आणि तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं, गॅस होतो, नाक गळतं, असलं काही नव्हे. हे समजावता समजावता भिंगबाईच्या तोंडाला फेस आला आहे. दुधाचा थेंब पोटात गेला तर धाकटीचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आतून आवळत जातो आणि श्वास अडतो. दूध, दही, लोणी, चीज, आणि यातलं काहीही ज्यात कुठे ना कुठे गेलं आहे ते सगळं. शेजारीण म्हणते, "आमच्या ह्यांनाही दूध पचत नाही हो, मी पाणी घालून देते." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पण चॉकलेट चालत असेल ना? त्यात कुठे दूध दिसतं?" नवऱ्याच्या आत्याने तर कहर केला. "थोडं थोडं देत जायचं, म्हणजे अंगाला सवय होते," असं म्हणत तिने पर्समधून पेढ्याएवढा चीजचा तुकडा बाहेर काढला. आत्याला त्यानंतर कुणी बोलावलेलं नाही.

आणि सासूबाई.

धाकटी चौदा महिन्यांची असताना, तोवर आईचं दूध, भात आणि फळं यांवरच असलेल्या त्या पोरीला सासूबाईंनी चमचाभर दही भरवलं. मोठ्या नातीला भरवलं होतं, स्वतःच्या मुलाला भरवलं होतं, तसंच. पुढच्या वीस मिनिटांत काय झालं ते या घरात कुणी बोलत नाही. सासूबाईंचा दोष शून्य होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं, त्यांच्या मुलाने सांगितलं, भिंगबाईने तर दोनदा सांगितलं. पण त्या दिवसापासून सासूबाईंच्या हातून धाकटीच्या तोंडात तिने एक घास जाऊ दिलेला नाही. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द लागला नाही. सासूबाईंनी वाटी हातात घेतली की मागून हात यायचा आणि वाटी उचलली जायची. "राहू द्या आई, मी भरवते." पहिलं वर्षभर सासूबाई वाटी घेत राहिल्या. मग त्यांनी घेणं सोडलं. दुधाचा चहा ही त्या बाईची एकुलती एक चैन होती. तीही त्यांनी न सांगता सोडली आणि आता काळा चहा औषधासारखा डोळे मिटून पितात.

घरात पाच माणसं आणि पाचांना एकच जेवण, असा भिंगबाईचा कायदा. ज्यामुळे धाकटीचा जीव जाऊ शकतो ते घरात येणार नाही. मोठी तेरा वर्षांची आहे. ती मैत्रिणीकडे जाऊन आइस्क्रीम खाते आणि घरी आल्यावर इतका वेळ दात घासते की तेवढ्यावरूनच सगळ्यांना कळतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, शांत स्वभावाचा माणूस, दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत चीज सँडविच खातो आणि वर येऊन चुळा भरतो. वाढदिवसांना भिंगबाई स्वतः केक करते, दुधाशिवाय, लोण्याशिवाय. पहिला केक विटेसारखा झाला होता. दुसरा सुरीने कापता आला. आता चांगला होतो, पण घरातले तो पहिल्या घासाला अजून जपून चावतात.

सकाळी पाचला उठून ती दोन लाल डबे भरते. एक शाळेचा, एक दुपारच्या जेवणाचा. धाकटी शाळेतून घरी आली की दुसरा डबा तिने स्वतः उघडायचा, त्यातलंच खायचं, आणि सासूबाईंनी समोर बसायचं. नुसतं बसायचं. भिंगबाई छापखान्यातून तीनदा फोन करते. डबा उघडला का, संपला का, आता अंगावर काही नाही ना. सासूबाई तिन्ही वेळा नीट उत्तर देतात. फोन ठेवल्यावर त्या काय म्हणतात ते आपल्याला माहीत नाही.

इंजेक्शनची दोन पेनं कायम हाताशी असतात. एक स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, एक धाकटी जाईल तिथे तिच्याबरोबर. झाकण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं, दहा आकडे मोजायचे. सरावासाठी बिनसुईचं एक तिसरं पेन आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंगबाई सगळ्यांना ओळीने उभं करून ते करायला लावते. सासूबाई तेवढ्या हात पाठीमागे घेतात. "मला नाही जमायचं ते. माझे हात कापतात," म्हणतात. भिंगबाई मग त्यांच्याकडे बघतही नाही, पुढच्याकडे वळते. धाकटीला घरी कुणाजवळ ठेवून कामावर जाताना ती रोज सकाळी दारातून दोनदा परत येते, आणि तरी ती जाते, कारण न जाऊन चालत नाही.

आता घरातल्या वाचनाबद्दल. बाजारातून आलेलं कुठलंही पाकीट या घरात वाचल्याशिवाय उघडत नाही. प्रत्येक वस्तूचं जुनं रिकामं पाकीट कापून, सपाट करून, पुसून एका फाइलमध्ये लावलेलं आहे. नवं पाकीट भिंगबाई मोठ्याने वाचते आणि मोठी जुन्या रॅपरवर बोट ठेवून ऐकते. शब्दाला शब्द जुळला तर पाकीट फळीवर. एक जरी शब्द वेगळा निघाला तर पाकीट दाराबाहेर, मग तो शब्द मिरपूड का असेना. छापखान्याची पद्धत तिने जशीच्या तशी घरी आणली होती. फक्त एक गोष्ट आणता आली नव्हती. इथे दुसरं टेबल नव्हतं. सहा वर्षं तीच वाचत होती, कारण दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता.

त्या शनिवारी ती अर्ध्या दिवसाने सुटली आणि पिशवी भरून सामान घेऊन आली. गॅसवर भाजी चढवली, दुसऱ्या बाजूला तांदूळ धुतले, मध्येच वॉशिंग मशीनमधून कपडे काढले, आणि मोठीला हाक मारली.

"ये गं, चार पाकिटं आहेत. वाचून घेऊ."

"आई, मला चारला मैत्रिणीकडे जायचंय."

"मग लवकर ये."

पहिलं पावाचं पाकीट. दुसरं सॉस. तिसरं नवीनच, कुठल्याशा सूपची पावडर, त्याचं जुनं रॅपर नव्हतं म्हणून ते भिंग लावून दोनदा वाचलं. चौथं धाकटीच्या बिस्किटांचं. साधी गोल बिस्किटं, बाजारात मिळणाऱ्यांपैकी तिला चालणारी ही एवढीच. आणि हे रॅपर भिंगबाईच्याच छापखान्यात छापलं जाई. पहिल्यांदा ते तिच्या टेबलावर आलं तेव्हा धाकटी जन्मलीही नव्हती. त्याचा निळा रंग किती गडद हवा हेसुद्धा तिला झोपेत सांगता आलं असतं.

"गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, मीठ, खाण्याचा सोडा," भिंगबाई वाचत गेली. भाजी खाली लागत होती म्हणून एक डोळा तिकडे. "खाली चौकटीत, यात गहू आहे."

"बरोबर," मोठी म्हणाली. तिचं बोट शेवटच्या शब्दावर होतं. सगळं जुळलं होतं.

"जा आता."

धाकटी दाराशी वाटच बघत होती. "आजी, मला बिस्किट दे ना," ती म्हणाली. सासूबाई खिडकीशी वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तेही नुसती सवय म्हणून. तोवर भिंगबाईने पाकीट फोडून दोन बिस्किटं बशीत काढली होती आणि स्वतःच्या हाताने धाकटीसमोर ठेवली होती.

मोठी कपडे बदलून बाहेर पडणार तेवढ्यात धाकटी परत स्वयंपाकघरात आली. "आई, माझ्या जिभेला टोचतंय."

"पाणी पी."

"ओठ पण खाजतोय." आवाज जरा घोगरा होता.

सासूबाईंनी मान वर केली. पोरीच्या गळ्याकडे एकदाच पाहिलं आणि मांडीवरचं भांडं खाली न ठेवताच त्या उठल्या. वाटाणे घरभर झाले.

"अगं, तिला दूध लागलंय."

"काहीतरीच काय आई! दूध आहे कुठे घरात?"

"मी हे एकदा बघितलंय. तेच आहे हे."

"बिस्किटं खाल्लीत तिने फक्त. मी वाचलंय ते. मोठीने ऐकलंय. मुंगी-बिंगी चावली असेल, नाहीतर घामोळं..." असं म्हणत भिंगबाई पाकिटाकडे धावली. मुलीकडे नाही, पाकिटाकडे. हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. पाकीट डोळ्यांसमोर धरून ती पुन्हा वाचायला लागली. "गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, मीठ, खाण्याचा सोडा. बघा, कुठे आहे दूध?"

मोठीने तिच्या हातातून पाकीट ओढून घेतलं. तिने बोट ठेवलं आणि ती किंचाळली.

"आई, दुधाची पावडर! मिठाच्या पुढे. दुधाची पावडर लिहिलंय! आणि खाली पण आहे, गहू आणि दूध!"

भिंगबाईला ऐकू आलं, पण हात हलेनात. जी बाई सहा वर्षं याच क्षणाची तयारी करत होती, जिने घरादाराला कवायत करायला लावली होती, ती रिकामे हात तसेच डोळ्यांसमोर धरून उभी होती. तिचं डोकं एकच गोष्ट घोकत होतं, मी वाचलं होतं, मी वाचलं होतं. धाकटीचे ओठ फुगले होते आणि श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता.

वरचा खण सासूबाईंनी उघडला. पेन काढलं, दातांनी नाही, नीट बोटांनी झाकण काढलं, धाकटीला जमिनीवर आडवं केलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत पेन दाबलं. "एक, दोन, तीन," त्या मोठ्याने मोजत होत्या. हात तसूभरही कापत नव्हता. "मोठे, फोन लाव अँब्युलन्सला. सांग, दुधाने श्वास अडकलाय, इंजेक्शन दिलंय. आठ, नऊ, दहा." मग पेन काढून त्यांनी त्या जागेवर तळहात चोळला. "उशी आण. पाय वर घ्यायचेत तिचे. घाबरू नकोस गं राणी, येतोय श्वास, येतोय. दुसरं पेन काढून ठेव कुणीतरी!"

दुसरं पेन लागलं नाही. गाडी येईपर्यंत शिट्टी जराशी कमी झाली होती, आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत धाकटी रडू शकत होती. तिच्या रडण्याचा आवाज ऐकून भिंगबाईला हुंदका फुटला.

डॉक्टरांनी आणखी औषधं दिली, बोटाला क्लिप लावली आणि संध्याकाळ इथेच काढा, म्हणाले, कारण कधीकधी हे उलटून पुन्हा येतं. नर्सने मांडीवरचा लाल ठिपका पाहिला. "इंजेक्शन कुणी दिलं? अगदी नेमक्या जागी दिलंय."

मोठी म्हणाली, "आजीने. आजी रोज दुपारी करते. ते बिनसुईचं पेन घेऊन सोफ्याच्या उशीवर. धाकटी झोपली की. मला सांगितलं होतं, आईला बोलू नकोस म्हणून."

"का?" भिंगबाईने विचारलं.

"मला आलं असतं की नाही, मलाच खात्री नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर चुकलं असतं तर?"

तेवढ्यात नवरा आला. अंगात कामाचा डगला, हाताला ग्रीस. दाराशी थांबून त्याने आधी बेसिन शोधलं, सवयीने, आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पलंगाजवळ येऊन लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिला. कसं झालं, असं त्याने विचारलं नाही. भिंगबाईनेच सांगितलं.

"मी चुकीचं वाचलं. पाठ होतं ते मला. पाठच म्हणून गेले."

"आई, मी नीट ऐकलं होतं गं," मोठी मुसमुसत म्हणाली. "शपथ, सगळं जुळत होतं."

"तू बरोबरच ऐकलंस. जुळणारच होतं." जुनं रॅपर मुलीच्या हातात होतं आणि जुनंच रॅपर आईच्या तोंडात होतं. न जुळून काय होणार? नवं पाकीट कुणी वाचलंच नव्हतं.

पाकीट तिच्या पर्समध्ये होतं, डॉक्टरांना दाखवायला आणलेलं. ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि भिंग लावून ते वाचायला लागली. दुधाची पावडर. अक्षरं काही बारीक नव्हती, कुठे दडलेलीही नव्हती. मग तिला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी हे रॅपर पुन्हा छापायला आलं होतं, पण तिच्या टेबलावर नव्हे. तिच्या तीन वेळा झाल्या होत्या म्हणून ते मास्तरांकडे गेलं होतं. मास्तरांनी ते शब्द न् शब्द बरोबर वाचलं होतं आणि खाली सही केली होती. त्यांना काय माहीत, भिंगबाईची पोर कुठली बिस्किटं खाते ते. ती घरचं छापखान्यात कधी बोलतच नसे.

सासूबाई येऊन शेजारी बसल्या. भिंगबाई उठली, दोन पावलं चालली, परत बसली. पुन्हा उठली. पाण्याच्या मशीनपर्यंत गेली आणि पाणी न पिता परत आली.

"आई, काहीतरी बोला ना."

"काय बोलू?"

"जे मनात असेल ते. सहा वर्षं मी तुम्हाला..."

"तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस."

"म्हणूनच म्हणतेय."

सासूबाईंनी सुस्कारा टाकला. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात राग होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तो ऐकू येत होता. "बोलली असतीस तर बरं झालं असतं. मीही बोलले असते. कडाकडा भांडलो असतो एकदा आणि संपलं असतं. तू नुसती वाटी उचलायचीस. मी रात्र रात्र म्हणायचे, हिने मला दोन शिव्या का नाही घातल्या? माणूस रागावलं तर निदान समजूत तरी काढता येते."

"मग आज तुम्ही घाला मला शिव्या."

"आज? आज कशाला?" सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आज तुला काय वाटतंय ते मला कुणी सांगायला नको. बस आता एका जागी. मला गरगरायला लागलं तुझ्याकडे बघून."

सहाच्या सुमारास डॉक्टर पुन्हा येऊन गेले. आकडे चांगले होते. थोडं खायला द्या, म्हणाले, हलकं काहीतरी. धाकटी उशीला टेकून बसली होती, ओठ अजून थोडे जाड, आणि तिला सपाटून भूक लागली होती. भिंगबाई कुठेही जाताना पर्समध्ये एक डबा ठेवतेच. उकडलेला बटाटा, मीठ, चमचाभर तेल. तिने डबा काढला, झाकण उघडलं आणि बघतच राहिली. सकाळी स्वतःच भरला होता, घरातल्याच बटाट्यांचा. त्यात न चालणारं काही असायचा प्रश्नच नव्हता. पण चमचा उचलायला तिचा हात पुढे होईना. आपला हात आपलाच राहिला नाही, असं तिला वाटत होतं. तिला स्वतःच्या हाताची भीती वाटत होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही भरवा तिला."

नवऱ्याने मान वर केली.

"मी?"

"हो. तुम्हीच."

सासूबाईंनी रुमालाला हात पुसले. ते स्वच्छ होते, तरी पुसले. डबा मांडीवर घेतला. एक फोड झाकणावर काढून त्यांनी ती चमच्याने मोडली, मग आणखी बारीक केली, मग चमच्याच्या पाठीने दाबून दाबून अगदी मऊ लगदा केला. दात न आलेल्या बाळाला गिळता येईल इतका मऊ. सगळे बघत होते आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. चमच्यावर थोडासा घेऊन त्यांनी तो धाकटीच्या तोंडाजवळ नेला.

"आ कर, राणी."

धाकटीने चमच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "आजी, मी काय बाळ आहे का?" ती म्हणाली. "दे इकडे, मला येतं. आणि मला अख्खी फोड हवी, हे असलं नको." तिने चमचा आजीच्या हातातून घेतला, लगदा झाकणावर परत झटकला, डबा स्वतःच्या मांडीवर ओढला आणि खायला लागली. मोठमोठे घास, दोन्ही गाल भरून.

सासूबाईंचा हात तसाच हवेत राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "येतं की गं तुला."

त्या हसल्या आणि रिकामा हात पुन्हा रुमालाला पुसायला लागल्या. भिंगबाईला ते बघवेना. आपण काय काढून घेतलं होतं ते तिला आत्ता कळलं, आणि ते आता द्यायचं म्हटलं तरी देता येणार नव्हतं. सहा वर्षांत पोर मोठी झाली होती. भरवण्याचं वय निघून गेलं होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला आणि खुर्चीत तशीच मोडून बसली. नवरा उठून तिच्याकडे यायला निघाला, पण सासूबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

झाकणावर तो लगदा पडला होता. सासूबाईंनी तो चार बोटांनी गोळा केला, आणि झाकण हातात घेऊन सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," त्या म्हणाल्या. "आ कर."

भिंगबाईने वर पाहिलं. नाही म्हणायला तिने मान हलवली, पण सासूबाईंचा हात तिथेच होता, तोंडाशी, आणि तो मागे जायला तयार नव्हता.

तिने तोंड उघडलं. बटाटा गार झाला होता आणि मीठ कमी पडलं होतं. तो तिने गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.